अपॉइंटमेंट, मीटिंग आणि इंग्रजी: नवीन आलेल्यांसाठी वेळ ठरवायची वाक्यं

इंग्लंडमध्ये लीड्सला आल्यावर तिसऱ्याच आठवड्यात माझी फजिती झाली ती एका साध्या शब्दावरून. गुरुवारी एक मीटिंग होती, मॅनेजरनं कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या विचारलं, "कॅन वी ब्रिंग इट फॉरवर्ड अ डे?" मी म्हणलं, "शुअर, नो प्रॉब्लेम." आपल्याकडे मीटिंग पुढे ढकलली म्हणजे उशिरा गेली, फॉरवर्ड म्हणजे पुढे, म्हणजे झाला शुक्रवार, एवढं सरळ गणित होतं माझ्या डोक्यात. बुधवारी दीड वाजता मी किचनमध्ये डबा उघडून निवांत पोळीभाजी खात होते आणि तिकडं सहा माणसं खोलीत बसून माझी वाट बघत होती.

तर ब्रिंग फॉरवर्ड म्हणजे अलीकडे घेणे. आणि आपलं पुढे ढकलणं म्हणजे त्यांचं पुश बॅक. म्हणजे आपलं पुढे ते त्यांचं बॅक, आणि त्यांचं फॉरवर्ड ते आपलं अलीकडे. हे पाठ करायला गेलात तर ऐन वेळी उलटं होणारच, माझं दोनदा झालं. म्हणून फॉरवर्ड आणि बॅककडे बघूच नका, आधीचं क्रियापद बघा: ब्रिंग म्हणजे आपल्याकडे आणणे, जवळ आली म्हणजे लवकर झाली. पुश म्हणजे लांब लोटणे, लांब गेली म्हणजे उशिरा. नुसतं मूव्ह फॉरवर्ड म्हणाले तर मात्र तिथं थांबून विचाराच, कारण बुधवारची मीटिंग दोन दिवस मूव्ह फॉरवर्ड केली असं सांगितलं तर इंग्रजांमधलेच काही जण सोमवार समजतात आणि काही शुक्रवार. अमेरिकन माणूस मूव्ह अप म्हणतो, ते लवकर. आणि आपलं लाडकं प्रीपोन? शब्द छान आहे, ऑक्सफर्डच्या डिक्शनरीतपण आहे, भारतीय इंग्रजी असा शिक्का मारून. हिंजवडीत बिनधास्त वापरा, इथं वापरलात तर समोरचा अंदाजानं समजून घेतो पण एक क्षण थबकतो.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे आमच्या इथल्या मराठी लोकांच्या ग्रुपवर दर महिन्याला कुणीतरी नवीन येतं आणि तेच विचारतं, डॉक्टरची अपॉइंटमेंट कशी घ्यायची, फोनवर काय बोलायचं. इंग्रजी येत नाही असं कुणाचंच नसतं, पाचवीपासून नाहीतर पहिलीपासून शिकलेलो असतो सगळे. अडतं कुठं तर वेळ मराठीत विचार करून इंग्रजीत बोलतो तिथं. परवा, पर्यंत, पुढे, साडे, पावणे, हे शब्द जसेच्या तसे तिकडं जात नाहीत.

फोन लावायच्या आधी

कागद घ्या. खरंच कागद घ्या, मोबाइलवर नोट काढून ठेवाल तर बोलताना तोच मोबाइल कानाला असतो. त्यावर लिहा: जन्मतारीख, घर नंबर आणि रस्त्याचं नाव, पोस्टकोड, आणि या आठवड्यात तुम्हाला जमणाऱ्या दोन तीन वेळा. आडनाव इंग्रजी अक्षरं सुटी सुटी करून लिहा, कारण स्पेलिंग विचारतातच. क्षीरसागर, म्हात्रे असलं काही असेल तर विचारूच नका. के, एस, एच असं नुसतं म्हणलं तर फोनवर एस आणि एफ सारखेच ऐकू येतात, एम आणि एन तर कायमचं. म्हणून के फॉर किलो, एस फॉर सिएरा, एम फॉर माइक, एन फॉर नोव्हेंबर ही पायलट लोकांची पद्धत घ्या. बी फॉर बॉम्बेपण चालून जातं, पण एम फॉर मंकी म्हणून डेंटिस्टकडं आडनाव सांगताना मलाच हसू आलं होतं. आणि शेवटचं अक्षर इथं झेड, अमेरिकेत झी.

दवाखान्याला इथं सर्जरी म्हणतात, जीपी सर्जरी. माझ्या सासूबाईंना मी फोनवर म्हणलं सर्जरीत जाऊन आले तर त्यांनी तिकडं कराडला देव पाण्यात घातले. जीपी म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर, आधी त्याच्याकडं नाव नोंदवायचं, ते फुकट असतं. बऱ्याच ठिकाणी सकाळी 8 ला लाइन उघडते आणि आठला एक मिनिट झालं की, "यू आर नंबर सेव्हन्टीन इन द क्यू" ऐकू येतं, तेव्हा 7:59 ला बोट तयार ठेवा. ऑनलाइन फॉर्मची सोय असेल तर तो भरा, पण कधीतरी फोनवर बोलावंच लागतं.

पहिलं वाक्य

आपण अपॉइंटमेंट घेतो, म्हणून तोंडात येतं, आय वॉन्ट टु टेक अपॉइंटमेंट. समजतं त्यांना, पण इंग्रजीत अपॉइंटमेंट मेक करतात किंवा बुक करतात. आणि आय वॉन्ट म्हणलं की कानाला जरा दुकानात ओरडल्यासारखं लागतं. तर असं म्हणा:

"हॅलो, आय वुड लाइक टु मेक अ‍ॅन अपॉइंटमेंट विथ अ डॉक्टर, प्लीज."

एवढंच. गुड मॉर्निंग सर मॅडम काही नको, इथं रिसेप्शनवाल्या बाईला मॅडम म्हणलं तर तिला वाटतं आपण भांडायला आलोय. आमच्या यॉर्कशरमध्ये, म्हणजे लीड्सच्या भागात, तर तीच तुम्हाला लव्ह म्हणेल, "राइट, लव्ह, कॅन आय टेक युअर डेट ऑफ बर्थ?" दचकू नका, आपल्याकडची भाजीवाली ताई म्हणते तसंच ते.

मग ठरलेले प्रश्न येतात. "फर्स्ट लाइन ऑफ युअर अ‍ॅड्रेस?" म्हणजे घर नंबर आणि रस्ता, बस, अख्खा पत्ता म्हणत बसू नका. "व्हॉट्स इट रिगार्डिंग?" म्हणजे कशासाठी यायचंय. आता रिसेप्शनिस्टला आपला आजार का सांगायचा असं वाटतं, मलाही वाटलं, पण कुणाकडं आणि किती लवकर पाठवायचं ते ती त्यावर ठरवते. सांगायचं नसेल तर "इट्स अ बिट पर्सनल, आय वुड रादर टेल द डॉक्टर" म्हणा, कुणी रागावत नाही. सांगायचं असेल तर इथं एक खड्डा आहे, आपण म्हणतो दोन आठवड्यांपासून खोकला आहे, त्याचं सिन्स टू वीक्स होतं. सिन्सनंतर सुरुवात कधी झाली ते येतं, सिन्स मंडे. किती दिवस झाले ते सांगायचं तर फॉर: "आय हॅव हॅड अ कफ फॉर टू वीक्स."

"बेअर विथ मी" म्हणाली की जरा थांबा, ती कॉम्प्युटरमध्ये बघतेय.

जीपीची एक वेळ साधारण 10 मिनिटांची असते. गुडघा, बीपी आणि अंगावरचा चट्टा असं तिन्ही दाखवायचं असेल तर आधीच विचारा, "कुड आय बुक अ डबल अपॉइंटमेंट, प्लीज?" आणि आई बाबा आले असतील, इंग्रजी येत नसेल, तर "शी नीड्स अ मराठी इंटरप्रिटर" असं बुक करतानाच सांगा, एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, त्याचे पैसे पडत नाहीत, पण आयत्या वेळी सांगितलं तर माणूस मिळत नाही. अपॉइंटमेंटपर्यंत थांबवत नाही असं काही असेल तर फोन 111, जिवावरचं असेल तर सरळ 999, तिथं मेक आणि टेकचा विचार करत बसू नका.

ती वेळ सांगते तेव्हा

हा सगळ्यात गडबडीचा भाग. डेंटिस्टकडून मला वेळ मिळाली, "हाफ फाइव्ह". मी विचार केला, पावणेपाच म्हणजे पाचाला पाव कमी, मग हाफ फाइव्ह म्हणजे पाचाला अर्धा कमी, साडेचार. साडेचारला जाऊन बसले. पाच वाजले, सव्वापाच झाले, माझ्यानंतर आलेली दोन माणसं आत जाऊन दात काढून बाहेर आली, तेव्हा उठून विचारलं तर बाई म्हणते, "यू केम अ‍ॅन अवर अर्ली, लव्ह." ब्रिटिश हाफ फाइव्ह म्हणजे हाफ पास्ट फाइव्ह, मधला पास्ट खाऊन टाकतात. म्हणजे आपले साडेपाच. गंमत अशी की जर्मन लोक म्हणतात तो अर्धा पाच म्हणजे खरंच साडेचार, तेव्हा माझं डोकं अगदीच चुकीचं चालत नव्हतं, फक्त देश चुकला.

सव्वा म्हणजे क्वार्टर पास्ट, पावणे म्हणजे क्वार्टर टु, हे शाळेत झालंय. अमेरिकेत क्वार्टर ऑफ फाइव्ह म्हणतात तेपण पावणेपाच. दीड आणि अडीचला शब्द नाही, वन थर्टी, टू थर्टी म्हणा आणि मोकळे व्हा. आणि फिफ्टीन की फिफ्टी हे फोनवर कळत नाही, कुणालाच कळत नाही, थ्री फिफ्टीन ऐकू आलं की लगेच म्हणा, "दॅट्स वन फाइव्ह?" दुपारच्या बाराला नून म्हणा, ट्वेल्व्ह पीएम आणि ट्वेल्व्ह एएममध्ये अडकू नका.

दिवसांचं वेगळंच. आपल्याकडे परवा दोन्ही बाजूंना चालतं, काल परवा आणि उद्या परवा, इंग्रजीत परवाला शब्दच नाही, डे आफ्टर टुमॉरो असं लांबलचक म्हणावं लागतं, त्यापेक्षा वाराचं नाव घ्या. नेक्स्ट फ्रायडे म्हणजे येणारा शुक्रवार की त्याच्या पुढचा, यावर इथं नवरा बायकोत भांडणं होतात. फ्रायडे वीक असं कुणी म्हणलं तर तो येणाऱ्या शुक्रवारपासून आठवड्यानं, म्हणजे त्याच्या पुढचा शुक्रवार. फोर्टनाइट म्हणजे पंधरवडा, त्यांचा चौदा दिवसांचा. बायवीकली शब्द तर वापरूच नका, आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा असे त्याचे दोन्ही अर्थ होतात. आणि बँक हॉलिडे म्हणजे फक्त बँकेला सुट्टी नाही, ती सार्वजनिक सुट्टी, बऱ्याचदा सोमवारी येते, त्या दिवशी सर्जरी बंद.

पर्यंत हा आपला शब्द तर इंग्रजीत दोन तुकड्यांत फुटतो. पाचपर्यंत येते म्हणजे पाच वाजायच्या आत पोचते, तो बाय फाइव्ह. पाचपर्यंत आहे म्हणजे पाच वाजेस्तोवर बसलेली आहे, तो अनटिल फाइव्ह किंवा टिल फाइव्ह. "आय विल सेंड इट टिल फ्रायडे" असं आपल्यातले अर्धे लोक लिहितात, तिथं बाय हवं. तसंच इन टेन मिनिट्स म्हणजे दहा मिनिटांनी, दहा मिनिटांच्या आत म्हणायचं असेल तर विदिन.

जमेल का आणि चालेल

वेळ ठरवायचं सगळं मराठी जमणे आणि चालणे या दोन क्रियापदांवर चालतं ना, तर त्यांच्या जोड्या तेवढ्या बसवून घ्या, बाकी आपोआप येतं. गुरुवारी जमेल का: "वुड थर्सडे वर्क फॉर यू?" मला जमेल: "आय कॅन मेक इट." जमणार नाही: "सॉरी, आय कांट मेक इट ऑन थर्सडे." चालेल: "दॅट वर्क्स" किंवा "दॅट्स फाइन." बघते आणि सांगते: "लेट मी चेक अँड गेट बॅक टु यू," इथं आय विल रिव्हर्ट लिहू नका, इथं रिव्हर्ट म्हणजे पूर्वपदावर जाणे, वाचणारा विचार करतो ही बाई परत कशात जाणारे. तीनला ठेवूया का: "शॅल वी से थ्री?" हे शॅल वी से पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी थ्री असं म्हणून दाखवलं, मला वाटलं म्हणायला सांगतायत.

नुसतं आय अ‍ॅम नॉट फ्री म्हणून थांबू नका, तोडल्यासारखं होतं, लगेच दुसरी वेळ पुढं करा: "आय अ‍ॅम टाइड अप ऑन थर्सडे, हाउ अबाउट फ्रायडे मॉर्निंग?" पेन्सिल इट इन म्हणाले म्हणजे कच्चं ठरलं, पक्कं व्हायचंय. हार्ड स्टॉप अ‍ॅट फोर म्हणजे चारला मी उठणार म्हणजे उठणार, तेव्हा मुद्द्याचं आधी बोला. टच बेस म्हणजे थोडक्यात बोलून घेऊ. आणि "यू मस्ट कम राउंड समटाइम" ही अपॉइंटमेंट नाही, ते आपलं या ना एकदा घरी आहे, डायरी काढून तारीख विचारू नका.

आपले काही शब्द फक्त आपलेच आहेत, टुडे ईव्हिनिंग, यस्टरडे नाइट, आउट ऑफ स्टेशन. इथं धिस ईव्हिनिंग, लास्ट नाइट, आउट ऑफ टाउन नाहीतर अवे. आउट ऑफ स्टेशन म्हणलं की लोक ट्रेनचा विचार करतात.

ठरलं की परत म्हणून दाखवा

ही पायरी मी कधीच गाळत नाही, साडेपाचच्या प्रकारानंतर तर नाहीच. वार, तारीख, वेळ, तिन्ही. "सो दॅट्स टयूजडे द ट्वेल्फ्थ, अ‍ॅट हाफ पास्ट फाइव्ह, विथ द डेंटिस्ट. इज दॅट राइट?" वार आणि तारीख दोन्ही म्हणायचं कारण म्हणजे एक चुकलं तर दुसरं जुळत नाही आणि समोरचीच म्हणते, थांबा थांबा. लिहिताना महिन्याचं नाव अक्षरात लिहा. 3/4 म्हणजे इंग्लंडमध्ये आपल्यासारखाच 3 एप्रिल, पण अमेरिकेतल्या माणसाला तो 4 मार्च.

पुण्याच्या टीमबरोबर मीटिंग असेल तर घड्याळाची भानगड वेगळी. आपल्याकडे घड्याळ वर्षभर एकच, इथं मार्चच्या शेवटच्या रविवारी तासभर पुढं जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागं येतं, म्हणजे हिवाळ्यात फरक साडेपाच तासांचा, उन्हाळ्यात साडेचार. अमेरिकेत हाच बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी होतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत, त्यामुळे मार्चमध्ये दोनतीन आठवडे तिन्ही देशांचं गणित विस्कटलेलं असतं आणि दर वर्षी कुणीतरी एकटंच कॉलमध्ये बसून राहतं. टाइम लिहिताना नुसतं आयएसटी लिहू नका, आयर्लंडचं उन्हाळ्यातलं घड्याळसुद्धा आयएसटीच, डब्लिनचा माणूस त्याच्या वेळेला येईल. "थ्री पीएम लंडन टाइम, सेव्हन थर्टी पीएम पुणे टाइम" असं गावाचं नाव टाकून लिहायचं, हे उन्हाळ्यातलं झालं, हिवाळ्यात पुण्यात साडेआठ.

मग त्याच दिवशी दोन ओळींचा मेल. प्रिय महोदय वगैरे नको, डू द नीडफुल तर नकोच: "हाय, जस्ट टु कन्फर्म अवर मीटिंग ऑन टयूजडे ट्वेल्फ्थ मे अ‍ॅट थ्री पीएम लंडन टाइम. प्लीज लेट मी नो इफ एनीथिंग चेंजेस." झालं.

बदलायचं, रद्द करायचं, उशीर होतोय

बदलायचं असेल तर कारणांची यादी देऊ नका. आपल्याला वाटतं खरं वाटायला हवं, म्हणून पाहुणे आले, मुलाला ताप, गाडी पंक्चर सगळं सांगतो. इथं "समथिंग्ज कम अप, कुड वी रीशेड्यूल?" एवढ्यात भागतं आणि कुणी खोदून विचारत नाही. डॉक्टरकडं: "आय नीड टु कॅन्सल माय अपॉइंटमेंट ऑन टयूजडे. कुड आय रीबुक इट, प्लीज?" फोन न करता गेलाच नाहीत तर तुमच्या नावापुढं डिड नॉट अटेंड असं लागतं.

आणि उशीर. आपलं निघाले म्हणजे चप्पल शोधतेय हे आपल्या माणसांना कळतं, त्यांना नाही. "आय अ‍ॅम ऑन माय वे" म्हणलं की ते तुम्हाला रस्त्यावर धरतात आणि मिनिटं मोजतात. निघाला नसाल तर सरळ "आय अ‍ॅम रनिंग अबाउट फिफ्टीन मिनिट्स लेट, सॉरी" म्हणा, आणि हा मेसेज ठरलेल्या वेळेच्या आधी जायला हवा, नंतर नाही. फिफ्टीन म्हणताना खरे पंधरा धरा, आपले पाचच मिनिटं नाही. डॉक्टरकडं दहा मिनिटं उशिरा पोचलात तर तुमची वेळ संपलेली असू शकते, डॉक्टर मात्र चाळीस मिनिटं उशिरा असेल तर रिसेप्शनवाली शांतपणे म्हणते, "डॉक्टर इज रनिंग अ बिट बिहाइंड." तेव्हा पुस्तक नाहीतर विणकाम बरोबर ठेवा.

आमच्या फ्रिजवर अजून एक कागद आहे, माझ्याच अक्षरात, सासूबाई उन्हाळ्यात आल्या तेव्हा त्यांच्यासाठी देवनागरीत लिहिलेला. पहिली ओळ आय वुड लाइक टु मेक, दुसरी कुड यू रिपीट दॅट स्लोली प्लीज, तिसरी सो दॅट्स, आणि पुढं मोकळी जागा. सासूबाईंनी त्यावरून स्वतः फोन लावून चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची वेळ ठरवली, आणि मोकळ्या जागेत पेन्सिलनं लिहून ठेवलं, मंगळवार, हाफ इलेव्हन, म्हणजे साडेअकरा, साडेदहा नव्हे.